शाळेतला ॲटलास आणि मोरोक्कोतला ॲटलास



शाळेच्या कपाटातल्या नकाशांच्या मोठ्या पुस्तकाला आपण 'ॲटलास' म्हणतो. हे नाव कुठून आलं, असं मुलांना एकदा विचारून पाहा. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने आपल्या नकाशासंग्रहाला हे नाव दिलं आणि तो संग्रह १५९५ साली प्रसिद्ध झाला. नाव घेतलं होतं मॉरेटानियाच्या एका पौराणिक राजाचं. मॉरेटानिया हे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाचं जुनं नाव. त्याच नावाची पर्वतरांग आजही तिथे, मोरोक्को देशात उभी आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं त्या पर्वताकडे दहा दिवस जाऊन आलो. आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि नववीतला मुलगा. मराकेशचा बाजार, ॲटलासचा डोंगर आणि एसाविराचा समुद्र असा साधा मार्ग होता. पण हा लेख प्रवासवर्णन म्हणून लिहिलेला नाही. अशा सहलीतून वर्गासाठी काय उभं राहू शकतं, ते क्रमाने मांडते आहे. ज्यांना जायचंय त्यांना तयारी म्हणून उपयोग होईल. पण खरं सांगायचं तर हा लेख मुख्यतः न जाणाऱ्यांसाठी आहे. आपल्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी पासपोर्ट नसतो. एखादं मूल परदेशातून आलं की बाकीच्यांनी नुसतं फोटो बघायचे आणि 'भारी!' म्हणायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. तसं होऊ नये, यासाठी हा खटाटोप.

संपूर्ण धड्याला एकच प्रश्न धरून चाला : 'हे इथेच का?' शहर इथेच का? बाजार आजच का? डोंगराच्या अलीकडे हिरवं आणि पलीकडे कोरडं का? या एका प्रश्नाला धरून भूगोल, इतिहास, गणित आणि भाषा सगळे विषय आपोआप येतात.

१. निघण्याआधी : नकाशा आणि घड्याळ

पहिला तास नकाशाचा. मुलांना मराकेश शोधायला सांगा आणि त्याच्या अक्षांशावर बोट ठेवून पूर्वेकडे सरकवत भारतापर्यंत यायला सांगा. बोट थेट अमृतसरजवळ येतं! दोन्ही शहरं साधारण ३१.६ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. आफ्रिका म्हणजे विषुववृत्त, जंगल आणि सिंह एवढंच डोक्यात असलेल्या मुलांना हा पहिला धक्का पुरेसा असतो.

दुसरी गोष्ट नावाची. या देशाचं अरबी नाव 'अल्-मग्रिब', म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा, पश्चिम. सूर्यास्ताच्या नमाजाला मगरिब म्हणतात, तोच हा शब्द. वर्गातल्या एखाद्या मुस्लिम विद्यार्थ्याला हे आधीच ठाऊक असतं. त्यालाच सांगू द्या. त्या दिवशी तो वर्गाचा शिक्षक.

तिसरी गोष्ट वेळेची. भारताची प्रमाण वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मोरोक्कोचं घड्याळ रमजानचा काळ सोडला तर ग्रिनिचच्या एक तास पुढे. म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात फरक साडेचार तासांचा. इथपर्यंत वजाबाकी. आता खरा प्रश्न विचारा : मराकेश तर ग्रिनिचच्या पश्चिमेला, ८ अंश पश्चिम रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथली स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे अर्धा तास मागे हवी. मग घड्याळ एक तास पुढे कसं? तर ती देशाने ठरवलेली प्रमाण वेळ आहे. त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, सव्वा ते दीडच्या सुमारास. आम्ही राहत होतो त्या घराच्या गच्चीवर मुलांनी एक काठी उभी करून तिची सावली दर पंधरा मिनिटांनी खडूने आखली. सर्वांत आखूड सावली कधी पडते ते पाहिलं. हाच प्रयोग तुमच्या शाळेच्या मैदानावर करा आणि आपल्याकडे मध्यान्ह घड्याळात किती वाजता होते ते मुलांना शोधू द्या. स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा एका काठीत संपतो, आणि विमानाचं तिकीट लागत नाही.

२. बाजार : वस्तूंच्या मागची माणसं

मराकेश अकराव्या शतकात वसलं. जुन्या शहराला तिथे 'मदिना' म्हणतात. भोवती लाल मातीचा तट, आत गल्ल्याच गल्ल्या. १९८५ पासून ही मदिना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बाजाराला म्हणतात 'सूक'. एकेका धंद्याचा वेगळा सूक असतो : लोहारांचा, रंगाऱ्यांचा, चपला करणाऱ्यांचा, मसाल्याचा. मुलांना हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्यात तांबट आळी आहेच की. एकाच धंद्याची माणसं एकत्र का बसतात, यावर वर्गात बोला. कच्चा माल एका ठिकाणी येतो, गिऱ्हाईकाला शोधावं लागत नाही, एकमेकांच्या भावावर आणि कामावर नजर राहते. अशी तीन-चार कारणं मुलं स्वतः काढतात.

शब्दांचा एक छोटा खेळही घ्या. हिशेब, वजन, किंमत, माल, दलाल हे आपले रोजचे बाजारातले शब्द अरबीतून आलेले आहेत. मोरोक्कोच्या बाजारात पुकारा करून लिलाव करणाऱ्याला आजही 'दल्लाल' म्हणतात. उलट बाजूने पाहिलं तर संस्कृतातली 'शर्करा' फारसी-अरबीतून 'सुक्कर' होऊन तिकडे पोचली आणि पुढे युरोपभर गेली. व्यापारात माल जातो तसे शब्दही जातात.

आता माझा सर्वांत आवडता भाग. मराकेशहून डोंगराकडे जाताना रस्त्यात 'त्नीन ऊरिका' नावाचं गाव लागतं. त्नीन म्हणजे सोमवार, कारण तिथे सोमवारी बाजार भरतो. समुद्राकडे जाताना 'हद द्रा' लागतं. हद म्हणजे रविवार. देशाच्या उत्तरेकडे 'सूक एल अर्बा' हे शहर आहे, म्हणजे बुधवारचा बाजार. ग्रामीण मोरोक्कोत अशी वारांची गावं जागोजागी आहेत. आमच्या मुलीने गाडीतच विचारलं, 'म्हणजे आपली बुधवार पेठ, शुक्रवार पेठ?' अगदी तसंच! आता फरकही दाखवा. आपले वार ग्रहांच्या नावांवर आहेत : सोम, मंगळ, बुध. अरबी वार मोजणीवर आहेत. रविवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, बुधवार चौथा, गुरुवार पाचवा. म्हणजे फळ्यावर हद, त्नीन, त्लात, अर्बा, खमीस लिहिलं की मुलं पाचपर्यंतचे अरबी आकडे जवळजवळ शिकलीच.

मग विचारा : शेजारशेजारच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी का? एकच व्यापारी सोमवारी इथे, मंगळवारी तिथे जाऊ शकतो म्हणून. आपल्या तालुक्यातल्या आठवडे बाजारांचा नकाशा काढून त्यावर वार लिहायला लावा. व्यापाऱ्याची आठवड्याची वाट त्यावर आपोआप उमटते. हा या धड्यातला सर्वांत चांगला उपक्रम आहे, आणि तो आपल्याच तालुक्यात होतो.

बाजाराच्या मधोमध 'जामा अल् फना' हे मोठं मैदान आहे. संध्याकाळी तिथे गोष्टी सांगणारे, वादक, गारुडी आणि खाण्याच्या गाड्या जमतात. तोंडी परंपरा जपणारी जागा म्हणून युनेस्कोने २००१ मध्ये तिचा गौरव केला. तिथेच साखळीला बांधलेली माकडंही फोटोसाठी खांद्यावर बसवतात. ही ॲटलासमधली संकटग्रस्त माकडं आहेत. 'फोटोचे पैसे दिले तर उद्या काय होईल?' एवढाच प्रश्न मुलांना विचारा. उत्तर तुम्ही देऊ नका.

मैदानात तुम्हाला 'ग्नावा' वादक दिसतील. त्यांचं संगीत ऐकायला छान आहे, पण त्याचा इतिहासही सांगायला हवा. सहाराच्या पलीकडून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी हे संगीत जपलं. मराकेश मोठं झालं ते वाळवंट ओलांडून येणाऱ्या तांड्यांमुळे. त्या तांड्यांबरोबर सोनं आणि मीठ जसं फिरत होतं, तशी माणसंही विकली जात होती. डोंगरापलीकडच्या झागोरा गावात एक प्रसिद्ध फलक आहे : 'टिंबक्टू ५२ दिवस'. म्हणजे उंटावरून. नकाशावर सरळ रेषेत हे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर भरतं. मुलांना भागाकार करू द्या : रोज साधारण २९ किलोमीटर. मग विचारा, उंटावर बसलेल्याचे २९ किलोमीटर आणि दोरीला बांधून चालवलेल्याचे २९ किलोमीटर सारखेच का? सातवीच्या पुढच्या मुलांशी हे नक्की बोला.

३. डोंगर : पाऊस कुठे थांबतो

मराकेशच्या गच्चीवरून दक्षिणेकडे स्वच्छ हवेत उंच ॲटलास दिसतो. त्यातलं 'तुबकाल' हे शिखर ४,१६७ मीटर उंच, उत्तर आफ्रिकेतलं सर्वोच्च. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक. आफ्रिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांकडे रेटले गेले, त्यातून हा पर्वत उचलला गेला.

पर्जन्यछायेचा प्रदेश हा धडा आपण सह्याद्रीवरून शिकवतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि पूर्वेला माणदेशात जेमतेम पाचशे. ॲटलासमध्ये हेच चित्र दुसऱ्या मापाने दिसतं. अटलांटिकवरून येणारे ढग वायव्येकडच्या उतारांवर रिकामे होतात. मराकेशला वर्षाला २००-२५० मिलिमीटर पाऊस पडतो. 'तिझी न तिश्का' ही सुमारे २,२६० मीटर उंचीची खिंड ओलांडून पलीकडे वार्झाझातला गेलात, की तो जवळपास निम्म्यावर येतो आणि सहाराची चाहूल लागते. आमची गाडी घाट चढताना मुलांनी दर अर्ध्या तासाला बाहेर दिसणारी झाडं वहीत नोंदवली : ऑलिव्ह, अक्रोड, मग झुडपं, मग नुसता खडक, आणि उतरल्यावर नदीकाठी खजूर. पाच नोंदींची ही यादी फळ्यावर लिहिली की पर्जन्यछाया म्हणजे काय, ते वेगळं समजवावं लागत नाही. तुम्ही हेच पोलादपूर ते वाई या एसटीच्या प्रवासात करू शकता.

एक फरक मात्र ठासून सांगा. आपला पाऊस जून ते सप्टेंबरचा. तिथला मुख्यतः हिवाळ्यातला, आणि डोंगरावर तो बर्फ होऊन साठतो. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा खालच्या शेतांना पाणी मिळतं. गावातले पाट आणि पाणी कुणी किती वेळ घ्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीबद्दल ज्यांना माहिती आहे, त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

मराकेशच्या सपाटीवर आणखी एक जुनी व्यवस्था होती, 'खत्तारा'. डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचं. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर चालते, आणि ती बांधणारा मलिक अंबर स्वतः आफ्रिकेतून, इथिओपियातून आलेला. मराकेशकडच्या बहुतेक खत्तारा आता कोरड्या आहेत. कारण विचारा, मराठवाड्यातलं कुठलंही मूल सांगेल : बोअर. पंपाने पाणी खोलवरून ओढलं, भूजल खाली गेलं, आणि उतारावर चालणारा बोगदा रिकामा राहिला.

डोंगरातल्या गावांबद्दल बोलताना एक गोष्ट टाळू नका. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अकरा वाजून गेल्यावर याच भागात ६.८ क्षमतेचा भूकंप झाला. २,९०० हून जास्त माणसं गेली. सर्वांत जास्त हानी दगड-मातीच्या घरांची झाली. हे वाचताना आपल्याला किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. तिथेही चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घर त्या रात्री जिवावर उठलं. लातूर-धाराशिवच्या शाळांमध्ये अजूनही अशी आजी-आजोबा मंडळी आहेत, ज्यांना हे सांगता येईल. मुलांना विचारायला लावा : नंतर घरं कशी बांधली? गाव दुसरीकडे वसवल्यावर काय मिळालं, काय गेलं? ॲटलासमधली माणसं आज याच प्रश्नांतून जात आहेत. म्हणूनच पडलेल्या घरासमोर उभं राहून सेल्फी काढायचा नाही, हा आमच्या घरातला नियम होता. कारण सांगावं लागलं नाही.

खिंडीपलीकडे 'ऐत बेनहद्दू' हे मातीच्या बुरुजांचं गाव आहे, १९८७ पासून जागतिक वारसा. ते बघून मुलगा म्हणाला, 'ही तर आपली गढी!' बरोबर आहे. आपल्या गावागावांतल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या अशाच. पावसात माती धुपते, दरवर्षी लिंपावी लागते. माणसं राहिली तर भिंत राहते.

४. समुद्र : गार पाणी, भरपूर मासे

मराकेशहून पश्चिमेला तीनेक तासांवर एसाविरा. वाटेत 'अर्गान'ची काटेरी झाडं दिसू लागतात. हे झाड मूळचं याच नैऋत्य मोरोक्कोचं. त्याच्या बियांचं तेल काढतात. दगडावर बी फोडण्याचं कष्टाचं काम बायका करतात, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या सहकारी संस्था आहेत. सहकार म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. दूध डेअरी आणि साखर कारखाना त्यांनी पाहिलेला असतो. शेळ्या या झाडावर चढून फळं खातात हे खरं आहे. पण रस्त्याकडेला पर्यटकांसाठी मुद्दाम झाडावर उभ्या केलेल्या शेळ्याही असतात. 'यातलं खरं कोणतं, मांडलेलं कोणतं, कसं ओळखशील?' मोबाइलवर रोज शेकडो चित्रं बघणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न फार मोलाचा आहे.

एसाविराच्या समुद्रात पाय टाकला की मुलं ओरडतात, पाणी गार! कोकणातला समुद्र कोमट, इथला अंगावर काटा आणणारा. कारण किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड कॅनरी प्रवाह वाहतो, आणि सतत वाहणारे वारे पृष्ठावरचं पाणी समुद्राकडे ढकलतात. त्याच्या जागी खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर मासे जगतात. म्हणून या किनाऱ्यावर सार्डिन, आपल्या तारलीच्या जातीतला मासा, अमाप मिळतो. बंदरात निळ्या होड्या, जाळी शिवणारे कोळी, माशांचा लिलाव. रत्नागिरी-मालवणच्या मुलाला यातलं काहीच नवीन नाही. त्याला विचारा, 'तुझ्या बंदरावर हे कसं चालतं?' आणि वर्गाला ऐकू द्या.

शहराचा तट १७६० च्या दशकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्लाच्या काळात उभा राहू लागला, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गानंतर साधारण शंभर वर्षांनी. त्याही आधी या किनाऱ्यावर पोर्तुगीज येऊन गेले होते. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, आणि १५१४ मध्ये याच किनाऱ्यावर उत्तरेला माझागानचा, आजच्या अल जदीदाचा किल्ला उभारायला घेतला. एकच नौदल, जवळपास तीच वर्षं. दोन्ही ठिकाणं नकाशावर दोऱ्याने जोडा. मधे संपूर्ण आफ्रिकेला वळसा घालावा लागतो. मग मुलांना कळतं की त्या प्रवासाला महिनेच्या महिने का लागत.

एसाविराच्या उत्तरेला साफी बंदर आहे. तिथून मासे निघतात, तसं फॉस्फेटपासून बनवलेलं रसायनही निघतं. जगातल्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक साठे मोरोक्कोच्या ताब्यात आहेत, आणि भारत त्याचा मोठा ग्राहक आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला सांगा, 'बाबा डीएपीची गोणी आणतात ना? त्यातलं फॉस्फरस मोरोक्कोतून आलेलं असू शकतं.' इतक्या दूरचा देश एकदम बांधावर येतो.

५. उलटी सहल : तिकडून आलेला पाहुणा

आतापर्यंत आपण तिकडे पाहिलं. आता तिकडून इकडे पाहणाऱ्याची गोष्ट. मोरोक्कोतल्या तंजा शहरात १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी घरून निघाला. १३४९ मध्ये परतला. दिल्लीला महंमद तुघलकाच्या दरबारी काझी होता. तिथून दक्षिणेकडे येताना तो दौलताबाद आणि नंदुरबारला आला. पुढे फेस शहरात त्याने आपला सगळा प्रवास तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने तो लिहून काढला. त्यात आपल्याकडच्या लोकांच्या जेवणाचं वर्णनही आहे : भात, भाज्या, तिळाचं तेल.

वर्गात हे सांगून दोन प्रश्न विचारा. एक, सातशे वर्षांपूर्वी कुणी परका माणूस आपल्या गावाबद्दल लिहून गेला, तर त्याने काय लिहिलं असावं असं तुला वाटतं? दोन, त्याने आपली थट्टा केली असती तर कसं वाटलं असतं? यानंतर मुलं मोरोक्कोबद्दल जे लिहितात, त्यातली 'विचित्र', 'गबाळे', 'मागासलेले' ही विशेषणं आपोआप कमी होतात. लाल पेनाने खोडावी लागत नाहीत.

६. सहल वर्गात कशी आणायची

सुट्टीनंतर परदेशातून आलेल्या मुलाला 'तू काय काय पाहिलंस?' असं विचारू नका. त्यातून यादी आणि मिरवणं एवढंच निघतं. त्याऐवजी त्याला तीन गोष्टी आणायला सांगा : एक भावाची यादी, एक निरीक्षणाची यादी आणि एक न सुटलेला प्रश्न. फोटो पाचच. प्रत्येक फोटोखाली 'हे इथेच का?' याचं एका वाक्यात उत्तर.

आमच्या मुलीने आणलेली भावाची यादी मी माझ्या वर्गात वापरली. संत्री, पाव, पुदिन्याचा चहा, चामडी चपला, यांचे भाव दिरहॅममध्ये. मुलांनी त्या दिवसाचा दर घेऊन रुपयांत रूपांतर केलं आणि आपल्या बाजाराशी तुलना केली. चपलांच्या समोर दोन आकडे होते : दुकानदाराने सांगितलेला आणि शेवटी दिलेला. दुसरा पहिल्याच्या निम्मा. वर्ग खूश झाला, जिंकल्यासारखा. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'बाई, पण मग त्या माणसाला उरलं काय?' तिचे वडील आठवडे बाजारात भाजी लावतात.

पुढचा अर्धा तास तिचा होता. सकाळी भाव जास्त का असतो, संध्याकाळी माल का काढावा लागतो, गिऱ्हाईक 'मॉलमध्ये घासाघीस करता का' हे ऐकल्यावर कसं गप्प होतं, सगळं तिने सांगितलं. मग आम्ही फळ्यावर चपलेचा हिशेब मांडला : चामडं, रंग, कारागिराची मजुरी, दुकानाचं भाडं. आकडे आमच्याकडे नव्हते, म्हणून मुलांनी आपल्या गावच्या चांभारकाकांना विचारून आणले. घासाघीस वाईट असं आम्ही ठरवलं नाही. तिथे ती बाजाराची रीतच आहे, आणि दुकानदारही चहा पाजत मजेत करतो. पण कुठे थांबायचं, हे गिऱ्हाईकालाही कळलं पाहिजे, एवढं सगळ्यांना पटलं.

माझ्या मते त्या दिवशी वर्गात दोन प्रवासी होते. एक मराकेशला जाऊन आलेली वही, आणि दुसरी, दर आठवड्याला वडिलांबरोबर बाजारात बसणारी ती मुलगी. शिकवलं जास्त दुसरीने. म्हणून विनंती अशी की, प्रत्येक ठिकाणाशेजारी आपल्या मुलांना माहीत असलेलं ठिकाण ठेवा. सूकशेजारी आठवडे बाजार, ॲटलासशेजारी सह्याद्री, एसाविराशेजारी आपलं बंदर. तुलना झाली की न गेलेलं मूलही बोलू लागतं.

७. जाणाऱ्या पालकांसाठी थोडक्यात

• ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये हवा चांगली असते. व्हिसाचे नियम आणि चलनाचा दर जाण्याआधी ताजे तपासा.

• एका सहलीत सगळा देश उरकू नका. एक शहर, एक डोंगरगाव, एक किनारा पुरे. मुलांना एका ठिकाणी दुसऱ्यांदा जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ती खरं बघतात.

• शाकाहारींनी भाज्यांचं 'ताजिन', पाव, ऑलिव्ह, खजूर, संत्री यांवर भागवता येतं. 'कुसकुस' हा रव्याच्या बारीक कण्यांचा वाफवलेला पदार्थ, शुक्रवारचा खास. मात्र रश्शात मटणाचं पाणी आहे का, ते आधी विचारा.

• ताजिनचं शंकूसारखं झाकण मुलांना दाखवा. वाफ वर जाते, थंड होऊन परत खाली येते. जलचक्र जेवणाच्या ताटावर.

• माणसांचा फोटो काढण्यापूर्वी विचारा, 'नाही' म्हटलं तर वही काढा. चित्र काढणाऱ्या मुलाजवळ माणसं स्वतःहून येतात.

• बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो. बाहेरून बघा, आणि नियम हा त्यांच्या घराचा आहे हे मुलांना शांतपणे सांगा.

• कामाला लागलेलं लहान मूल दिसलं तर मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवू नका. आपल्याकडेही ते दिसतं. रात्री जेवताना त्यावर बोला.

शेवटचं एवढंच. येत्या सोमवारी कपाटातला ॲटलास बाहेर काढा, अमृतसरवर बोट ठेवा आणि पश्चिमेकडे सरकवायला सुरुवात करा. एका तासिकेत मराकेश येईल. आणि आठवडे बाजाराच्या दिवशी वर्ग बाजारात घेऊन जा. वही, पेन्सिल आणि तो एक प्रश्न सोबत असू द्या.